नवीन सॉफ्टवेअर ‘सोपं’ असूनही काउंटरवर रांग का वाढली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या पतसंस्थेत बरीच वर्षं डॉसवर चालणारा, काळ्या पडद्याचा, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनात लिहिलेला प्रोग्राम होता. आता ब्राउझरमध्ये उघडणारं, रंगीत बटणांचं नवीन सॉफ्टवेअर घेतलंय. प्रात्यक्षिकात संचालक मंडळाला ते फार आवडलं, विक्रेत्यानंही ‘एकदम युजर-फ्रेंडली’ म्हणूनच दिलं. पण कॅशियर म्हणतात जुनंच बरं होतं, आणि सकाळी काउंटरवर रांग लागते. त्यात तुमचा संगणक शिकलेला भाचा म्हणतो, बटणं-खिडक्या हव्यातच कशाला, खरं काम कमांड लाइनवर होतं. यातलं कोण बरोबर, आणि कर्मचारी बदलाला घाबरून तक्रार करताहेत का, असं तुम्ही विचारलंय.

सहकारी संस्थांसाठी हिशेबाची सॉफ्टवेअर लिहिणं आणि ती जागेवर जाऊन बसवून देणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो: तुमच्या कॅशियरची तक्रार बहुधा खरी आहे. तिला जुन्याचा मोह किंवा आळस म्हणून बाजूला सारू नका. मात्र जुन्या प्रोग्रामचा चांगुलपणा त्याच्या काळ्या पडद्यात नव्हता. तो कशात होता हे कळलं, तर नवीन सॉफ्टवेअर न बदलताही बरंचसं दुखणं बरं करता येतं.

आधी एक गल्लत दूर करतो. तुमचा जुना प्रोग्राम ही कमांड लाइन नव्हती. कमांड लाइनवर पडद्यावर फक्त एक चिन्ह लुकलुकत असतं आणि काय लिहायचं ते तुमच्या डोक्यात असावं लागतं. फॉक्सप्रोतल्या प्रोग्राममध्ये मेनू होता, रकाने आखलेले होते, खाली कुठली कळ कशासाठी तेही लिहिलेलं असायचं. म्हणजे करायची गोष्ट डोळ्यांसमोर दिसत होती आणि ती करायला हात कळफलकावरून उचलावा लागत नव्हता. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, काय करायचं ते पडद्यावर दिसतं की आठवावं लागतं? दोन, ते करायला हात कळफलकावर राहतो की माउसकडे जातो? जुन्या प्रोग्राममध्ये दिसत होतं आणि हात कळफलकावर होता. भाच्याच्या कमांड लाइनमध्ये आठवावं लागतं, हात कळफलकावरच. नव्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, पण हात सतत माउसकडे धावतो. म्हणजे तुमच्याकडून नेमकी एकच गोष्ट गेली आहे, आणि ती परत मिळवता येते.

उद्या सकाळी कॅशियरच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि पडद्याकडे न बघता त्यांच्या हातांकडे बघा. डाव्या हातात भरणा स्लिप किंवा पासबुक असतं, उजवा हात कळफलकाच्या उजवीकडच्या आकड्यांच्या चौकोनावर. त्या चौकोनात शून्य ते नऊ, टिंब, अधिक-उणे वगैरे चिन्हं आणि एक मोठी एंटर कळ. टॅबची कळ तिथे नाही, ती कळफलकाच्या पार डाव्या टोकाला आहे. जुन्या प्रोग्राममध्ये खाते क्रमांक टाकला, एंटर. नाव आलं, रक्कम टाकली, एंटर. पुन्हा एंटर, पावती छापली. सगळं एका हातानं, आकड्यांच्या त्या चौकोनातून बाहेर न पडता. स्लिप खाली ठेवायची गरज नाही, नजर स्लिपवरून हलवायचीही गरज नाही.

ब्राउझरमधल्या फॉर्मचं मुळातलं वागणं वेगळं आहे. तिथे रकान्यात एंटर दाबलं की फॉर्म पुढे पाठवला जातो; पुढच्या रकान्यात जायला टॅब. प्रोग्रामरनं मुद्दाम बदललं नाही, तर हेच होतं. इतक्या वर्षांच्या सवयीनं कॅशियर खाते क्रमांकानंतर एंटर मारतो, अर्धवट पावती पुढे जाते, लाल अक्षरांत चूक दाखवणारी चौकट येते, ती बंद करायला माउस. मग पुन्हा रकान्यात क्लिक, पुन्हा आकडे. समोरच्या सभासदाला वाटतं, यांना कॉम्प्युटर येत नाही. त्या कॅशियरच्या मनावर याचा किती ताण येतो, हे मी अनेक शाखांमध्ये पाहिलंय. वर्षानुवर्षं हातखंडा असलेला माणूस आठवड्याभरात स्वतःला नवशिका समजू लागतो.

यात वेळ किती जातो याचा अंदाज काढायची एक जुनी आणि भरवशाची पद्धत आहे. स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अ‍ॅलन न्यूवेल यांनी १९८० साली ती मांडली. सरावलेला माणूस काम करताना प्रत्येक हालचालीला किती वेळ घेतो, याची त्यांनी मोजमापं दिली. हात कळफलकावरून माउसवर नेणं सुमारे ०.४ सेकंद, माउसचा बाण हव्या त्या जागी नेणं सरासरी १.१ सेकंद, क्लिक साधारण ०.२, आणि हात परत आणणं पुन्हा ०.४. म्हणजे माउसची एक फेरी दोन सेकंदांच्या थोडी वर. एका पावतीत अशा चार फेऱ्या धरा: साडेआठ सेकंदांच्या आसपास. दिवसाला अडीचशे पावत्या असतील, तर निव्वळ हात इकडून तिकडे नेण्यात पस्तीस मिनिटं गेली. हे एकही चूक न करता. आणि पतसंस्थेत गर्दी दिवसभर सारखी नसते. बरीचशी पहिल्या दीड-दोन तासांत असते, म्हणून त्या मिनिटांची रांग होते.

आणखी एक गोष्ट प्रात्यक्षिकात कधीच दिसत नाही. जुन्या संगणकात पडदा मागे राहिला तरी पुढचं आधीच टाइप करून ठेवता यायचं. आयबीएम पीसीच्या मूळ रचनेत कळफलकाचे १५ ठोके साठवून ठेवायची सोय होती. प्रोग्राम पावती छापण्यात गुंतलेला असला तरी कॅशियर पुढचा खाते क्रमांक मारून मोकळा व्हायचा आणि प्रोग्राम मागून येऊन ते ठोके क्रमानं उचलायचा. वेबच्या पानावर पुढचं पान येईपर्यंत मारलेले आकडे हवेत जातात, किंवा वाईट म्हणजे भलत्याच रकान्यात पडतात. म्हणून सरावलेल्या माणसालाही दर पावतीला थांबून, वर बघून, ‘आलं का पान?’ याची खात्री करावी लागते. कामाची लय तिथे तुटते. कर्मचारी ‘जुनं फास्ट होतं’ म्हणतात तेव्हा त्यांना हे म्हणायचं असतं. नवीन सर्व्हर कितीही ताकदीचा असला तरी त्यांचं म्हणणं खोटं ठरत नाही.

दिवसभर तेच काम करणाऱ्याला कळफलक हवा असतो, याची उदाहरणं तुमच्या आजूबाजूलाच आहेत. टॅलीवर बसलेल्या अकाउंटंटला पाहा. एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल. व्हाउचर भरताना लेजर नसेल तर ऑल्ट-सी दाबून तिथल्या तिथे तयार करायचं, आणि कंट्रोल-ए दाबून स्वीकारायचं. माउस बाजूला पडलेला असतो. विमान तिकिटांचे जुने एजंट अमेडियस या आरक्षणाच्या प्रणालीच्या पडद्यावर ए-एन ही दोन अक्षरं, त्याला जोडून तारीख, आणि मुंबई-दिल्लीचे तीन-तीन अक्षरी संकेत एका दमात टाइप करतात, की त्या दिवसाची विमानं समोर. बाहेरच्याला ते अगम्य वाटतं. ते शिकलेल्याला मात्र त्याच कामासाठी वेबसाइटवरचं कॅलेंडर उघडून तारखेवर क्लिक करायला लावलं, तर त्याचा जीव मेटाकुटीला येईल.

आता दुसरी बाजू, कारण संचालक मंडळाला नवीन सॉफ्टवेअर आवडलं तेही उगाच नाही. नवीन लागलेल्या मुलीला पहिल्या दिवशी मुदत ठेवीची पावती करायला सांगा. चांगल्या खिडकीत तिला मुदतीचे पर्याय दिसतात, व्याजदर आपोआप भरलेला दिसतो, वारसाचं नाव राहिलं तर तो रकाना उठून दिसतो. लाभांश वाटप, वर्षअखेरीचं व्याज, लेखापरीक्षकाला द्यायची यादी ही कामं वर्षातून एक-दोनदाच येतात. ती पाठ ठेवण्याची अपेक्षा कुणाकडूनही करू नये. तिथे समोर दिसणारा, पायरी-पायरीनं नेणारा पडदा हा खरा आधार आहे. पिग्मी एजंटच्या हातातल्या मोबाइलचंही तसंच. उन्हातान्हात दुकानासमोर उभं राहून त्याला मोठं बटण आणि मोठा आकडाच हवा.

म्हणजे उत्तर कशावर अवलंबून आहे? हेच काम हाच माणूस दिवसातून किती वेळा करतो, यावर सगळ्यात जास्त. तुमच्या शाखेत दिवसाला तीस-चाळीसच पावत्या होत असतील, किंवा काउंटरवरचा माणूस दर सहा महिन्यांनी बदलत असेल, तर मी वर मांडलेला हिशेब फिका पडतो आणि माउसचं सॉफ्टवेअर जसं आहे तसं पुरेल. आकडे तुमच्याकडे आहेत, आधी ते काढा. शिवाय बदलानंतरचे पहिले काही आठवडे कोणतंही सॉफ्टवेअर हळूच चालतं. त्यावरून निर्णय घेऊ नका. पण तिसऱ्या महिन्यातही रांग तशीच असेल, तर दोष शिकण्यात नाही, रचनेत आहे.

आता ‘युजर-फ्रेंडली’ हे प्रमाणपत्र चित्रांना मिळालं कसं, तेही बघू. १९८१ साली झेरॉक्सचा स्टार हा खिडक्या-चित्रांचा संगणक आला, १९८४ साली अ‍ॅपलचा मॅकिंटॉश, आणि कार्यालयातल्या सामान्य माणसाला आज्ञा पाठ न करता संगणक वापरता येऊ लागला. संगणकशास्त्रज्ञ बेन श्नायडरमन यांनी १९८३ साली या पद्धतीचे गुण नेमके मांडले. वस्तू डोळ्यांसमोर दिसावी, तिच्यावरची क्रिया लगेच परिणाम दाखवणारी असावी, आणि ती सहज मागे घेता यावी. माझ्या मते यातला शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा आहे, आणि आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरनी चित्रं तेवढी उचलली, मागे घेण्याची सोय सोडून दिली. तिच्याऐवजी ‘तुम्हाला खात्री आहे का?’ ही चौकट टाकली. दिवसातून शंभरदा तीच चौकट आली की बोट आपोआप ‘होय’वर जातं. ज्या एका वेळी थांबायला हवं होतं त्या वेळीही जातं. हिशेबात नोंद पुसता येत नाही आणि पुसूही नये, हे बरोबरच. पण उलट नोंद घालून चुकीची पावती रद्द करण्याचा रस्ता स्वच्छ, अधिकाऱ्याच्या मंजुरीसह आणि दोन पायऱ्यांत असायला हवा. तो तुमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये किती पायऱ्यांचा आहे ते मोजा. सॉफ्टवेअर किती आपलंसं आहे, हे मी तिथे ओळखतो.

दुसरी कसोटी, वस्तू वापरायला सोप्या कशा कराव्यात यावर लिहिणारे डोनाल्ड नॉर्मन यांच्या लिखाणातून मी घेतली आहे. माणसाला दोन दऱ्या ओलांडाव्या लागतात: ‘मला जे करायचंय ते इथे कसं करू?’ आणि ‘मी केलं, पण नेमकं काय झालं?’ पहिली दरी बुजवायला सगळे धडपडतात, दुसरीकडे दुर्लक्ष होतं. या दुसऱ्या दरीचं एक उदाहरण: २०२० च्या सप्टेंबरअखेरीस आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद रोजच्या आकड्यांतून गळली होती. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात भरली जात होती. त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. उरलेल्या ओळी आत गेल्याच नाहीत, आणि त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. एक्सेल अवघड आहे असं कुणी म्हणणार नाही. पण आत काय गेलं आणि काय राहिलं हे जिथे ठळकपणे समोर येत नाही, तिथे दिसायला सोपं असण्याचा उपयोग होत नाही. तुमच्याकडे याची छोटी आवृत्ती रोज घडू शकते. पिग्मी एजंटचं यंत्र जोडलं, ‘यशस्वी’ असा हिरवा संदेश आला. किती पावत्या आल्या? एकूण रक्कम किती? एजंटच्या यंत्रातल्या बेरजेशी जुळली का? हे तीन आकडे पडद्यावर येत नसतील, तर त्या हिरव्या रंगावर विसंबू नका.

आता भाच्याकडे येतो. त्याचं म्हणणं काउंटरसाठी चूक आहे, पण तुमच्या संस्थेत एक जागा अशी आहे जिथे तो अगदी बरोबर आहे. रात्रीचा बॅकअप, महिनाअखेरीला सगळ्या सभासदांचे खातेउतारे काढणं, आलेल्या शेकडो फाइलींना एकसारखी नावं देणं अशी कामं बटणं दाबत करणं म्हणजे माणसाचा वेळ जाळणं. कमांड लाइनचं मोठेपण वेगात कमी आणि लिहून ठेवता येण्यात जास्त आहे. एकदा बरोबर जमलेली आज्ञा कागदावर उतरते, उद्या तशीच्या तशी चालते, रात्री दोन वाजता आपोआप चालवता येते, आणि काय केलं होतं हे लेखापरीक्षकाला दाखवता येतं. माउसनं केलेल्या कामाची अशी नोंद राहत नाही. फोनवरून मदत देताना मला हे रोज जाणवतं. खिडकीतलं काम असेल तर ‘वर उजवीकडे तीन रेघा दिसतात का? नाही, त्याच्या खाली... आता काय दिसतंय?’ असं चालतं. आज्ञा असेल तर एक ओळ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली की संपलं.

पण कमांड लाइन स्वभावानं क्षमाशील नाही, हे भाच्यानं मान्य करायला हवं. कमांड लाइनच्या आजच्या रीती जिथून आल्या ती युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत जन्माला आली तेव्हा लोक टेलिटाइप यंत्रावर काम करत. ते यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. म्हणून आज्ञा दोन-तीन अक्षरांच्या झाल्या आणि काम नीट झालं तर काहीच न बोलण्याची रीत पडली. त्या काळी ते शहाणपणाचं होतं. आजही तिथे फाइल पुसण्याची आज्ञा दिली की ती कचरापेटीत जात नाही, थेट जाते. आणि तज्ज्ञांनाही याचा त्रास होतो. लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली सुरू केलेल्या गिटमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ‘चेकआउट’ ही एकच आज्ञा दोन कामं करायची: कामाच्या एका शाखेवरून (समांतर आवृत्तीवरून) दुसऱ्या शाखेवर जाणं, आणि फाइलमधले न साठवलेले बदल टाकून देणं. पहिलं निरुपद्रवी, दुसऱ्यात दिवसभराचं काम जाऊ शकतं. अखेर २०१९ साली त्याच्यासाठी ‘स्विच’ आणि ‘रिस्टोअर’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आल्या. तिथे एकही चित्र वाढवलं नाही, तरी सॉफ्टवेअर माणसाच्या जास्त जवळ आलं. उलट, फाइलींच्या प्रती काढणाऱ्या आरसिंकसारख्या चांगल्या साधनात ‘काय करशील ते फक्त दाखव, करू नकोस’ असं सांगायची सोय असते. ती बघितल्याशिवाय मोठी आज्ञा चालवायची नाही, हा नियम मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात लावतो.

तेव्हा प्रत्यक्षात करायचं काय? विक्रेत्याला ‘जुन्यासारखं करून द्या’ असं सांगू नका. त्यातून वाद होतो, काम होत नाही. नेमकी मागणी लिहून द्या. रोख जमा, रोख नावे आणि कर्जहप्ता या तीन पडद्यांवर एंटर दाबल्यावर पुढच्या रकान्यात जाता यावं, आणि पावती फक्त शेवटच्या रकान्यातल्या एंटरनं किंवा ठरलेल्या एका कळीनं पक्की व्हावी. पान उघडताच टाइप करण्याचं लुकलुकतं चिन्ह (कर्सर) खाते क्रमांकाच्या रकान्यात असावं. पावती पक्की झाल्यावर त्याच पानावर कोरा फॉर्म यावा, मुख्य मेनूत परत जायला लागू नये. प्रत्येक बटणावर त्याची कळ लिहिलेली असावी, म्हणजे नवीन मुलगी बटण दाबत-दाबतच कळ शिकते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-जी दाबून हव्या त्या अहवालाचं नाव टाइप करता येतं, तशी एक शोधाची जागा मागा; मेनू पाठ नसलेल्याला आणि घाईत असलेल्याला दोघांनाही ती उपयोगी पडते. चूक दाखवणारे संदेश मराठीत आणि पुढचं पाऊल सांगणारे हवेत: ‘अवैध नोंद’ याचा कुणाला उपयोग नाही, ‘या खात्याची मुदत संपली आहे, आधी नूतनीकरण करा’ याचा आहे.

यातलं पहिलं काम, एंटरचं, एखाद्या बऱ्या प्रोग्रामरला फार मोठं नाही, आणि रांगेवर सगळ्यात जास्त परिणाम त्याचाच होईल. म्हणून आधी तेवढंच करून घ्या, एका काउंटरवर आठवडाभर चालवा, आधीच्या आठवड्याशी पावत्यांची संख्या ताडून बघा आणि मग पुढचं मागा. यादी बनवताना कॅशियरला शेजारी बसवा आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर वार्षिक देखभाल कराराच्या नूतनीकरणाआधी ही यादी कराराला जोडा, कारण सही झाल्यावर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही.

भाच्याला महिनाअखेरीचे उतारे आणि बॅकअपची तपासणी जरूर द्या, विक्रेत्याला कळवून आणि संस्थेची लेखी परवानगी घेऊनच. चालू डेटाबेसला मात्र हात लावू देऊ नका. रोज रात्री एक प्रत वेगळ्या संगणकावर काढून घ्या, त्या प्रतीवर फक्त वाचण्याचा अधिकार द्या, आणि त्याच्या सगळ्या आज्ञा एका वहीत तारखेसह लिहून घ्या, म्हणजे तो शिकायला पुण्याला गेला तरी तुमचं काम अडणार नाही.